यादी लागेपर्यंत: कपाट नंबर ९१०

१९ मे २०२५, सोमवार
ठिकाण: गावातलं वाचनालय, पेण
काम: प्रवासवर्णनांचं कपाट रिकामं करणे

दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला. अकरावीचे प्रवेश यंदा सगळ्या राज्यात ऑनलाइन आणि एकाच पद्धतीनं. आधी अर्ज, मग गुणवत्ता यादी, मग हरकती, मग महाविद्यालयांची यादी, आणि तोवर येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला "अजून काही नाही" हे उत्तर. आईनं वाचनालयात धाडलं ते पुस्तकं वाचायला नव्हे. तिथे पंखा आहे आणि ग्रंथपाल काकांना हाताखाली कुणीतरी हवं होतं, म्हणून. काकांची अट एकच, रोज काय केलं ते लिहायचं. "तोंडी कामाला आमच्याकडे दाखल क्रमांक मिळत नाही," म्हणाले आणि मागच्या वर्षीची एक कोरी डायरी पुढे सरकवली.

मला वाचनाची आवड नाही. 'माझा आवडता छंद' या निबंधात दरवर्षी वाचनच लिहिलं, कारण त्याला मार्क पडतात.

कपाट लाकडी आहे, खालच्या फळीला पूर्वी कधीतरी वाळवी लागून गेलेली. उजव्या दाराची बिजागरी निखळलीय. दारावर पांढऱ्या रंगात ९१०. भूगोल आणि प्रवास हा सगळा त्या आकड्याखाली येतो, असं काकांनी सांगितलं. पुस्तकं खाली उतरवली, कोरड्या फडक्यानं पुसली, सतरंजीवर ओळीनं मांडली. बहुतेकांना खाकी पुठ्ठ्याची बांधणी आणि पाठीवर कापडाची पट्टी, त्यामुळे बाहेरून सगळी एकाच घरातली दिसतात. काश्मीर आणि केनिया ओळखायचे तर आत डोकवावं लागतं.

प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर देवघेवीची चिठ्ठी चिकटवलेली असते. तारखेचा शिक्का, शेजारी सभासद क्रमांक. एका हिमालयाच्या पुस्तकावर एकच सभासद क्रमांक पुन्हा पुन्हा आलाय, वर्षं वेगवेगळी, महिना बहुतेक जुलै. कोण असेल? पावसात घरी बसून हिमालय वाचणारा कुणीतरी. चिठ्ठ्या वाचण्यात दुपार गेली. पुस्तक एकही उघडलं नाही.

२१ मे, बुधवार
काम: दाखल नोंदवहीशी ताळा

आज अर्ज सुरू व्हायचे होते. संकेतस्थळ उघडेना. बाबांनी फोनवर करून पाहिलं, शेजारच्या दादानं लॅपटॉपवर, मग सगळे एकमेकांना "तुझं उघडलं का" विचारत बसले. संध्याकाळी कळलं, आता २६ तारखेपासून.

वाचनालयात मात्र सर्व्हर म्हणजे काकांची जाडजूड दाखल नोंदवही, तिला लाइट जाण्याचंही भय नाही. काका क्रमांक वाचणार, मी पुस्तक शोधून "आहे" म्हणणार. काही नुसतेच "नाही". ते लाल पेन्सिलीनं.

ताळा करताना एक पुस्तक हाती आलं, विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. नाव इतिहासाच्या पुस्तकात ओळखीचं होतं, परीक्षेपुरतं. प्रस्तावनेत लेखकाचं गाव दिलंय: वरसई, तालुका पेण.

वरसई मला एसटीच्या पाटीवरून माहीत! स्टँडवर उभं राहिलं की त्या गाडीची घोषणा होते आणि पाच-सहा माणसं पिशव्या उचलून धावतात. त्या गावचा एक भटजी १८५७ साली घरून निघाला आणि झाशीच्या वेढ्यात सापडला. पुस्तक घरी नेऊ का, विचारलं. काकांनी चष्म्यावरून बघितलं आणि रजिस्टरमध्ये नोंद केली. अनामत मागितली नाही.

२३ मे, शुक्रवार
काम: नाही. वाचन: ४० पानं, मोठ्यानं

मनातल्या मनात वाचवत नाही. वाक्यं लांब, शब्द जुने, क्रियापद येईपर्यंत सुरुवात विसरते. मोठ्यानं वाचलं की मात्र लागतं. मी पडवीत वाचते आणि आजी पोह्यांचे पापड लाटत ऐकते. तिला मोतीबिंदू आहे, त्यामुळे टीव्हीसुद्धा ती ऐकतेच.

कथा अशी. घरावर कर्ज. उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, अशी बातमी. दक्षिणा मिळेल म्हणून विष्णुभट आणि त्यांचे काका निघतात. मला वाटलं होतं, लढाई बघायला गेले असतील. ते गेले कामाला, लोक गल्फला जातात तसे. लढाई वाटेत आडवी आली.

आजीचे प्रश्न माझ्या डोक्यात आलेच नसते. बरोबर शिधा काय घेतलान? पायात काय होतं? घरी बायको होती ना, तिचं काय? आणि मी पान उलटायला उशीर केला की, "पुढे वाच गो, थांबलीस कशाला?"

२६ मे, सोमवार
काम: ओली पुस्तकं

मेमध्ये पाऊस. वळवाचा नव्हे, खराखुरा मोसमी, आज मुंबईतही पोचला म्हणे, इतक्या लवकर आल्याचं कुणाला आठवत नाही. पापड गच्चीवरून खाली आणेपर्यंत निम्मे गेले. आजीनं पावसाला जे म्हटलं ते इथे लिहीत नाही.

अर्ज भरला. पसंतीक्रमात किमान एक आणि जास्तीत जास्त दहा महाविद्यालयं टाकता येतात. पहिल्या पसंतीचं मिळालं तर ते घ्यावंच लागतं, नाहीतर नियमित फेऱ्यांतून बाहेर. त्यामुळे पहिलं नाव लिहिताना बाबा, आई आणि क्लासचे सर अशी तिघांची तीन मतं. विज्ञान शाखेवर एकमत आहे, माझंही. मी पहिलं पनवेलचं टाकलं, दुसरं गावातलं.

वाचनालयात पागोळीचं पाणी खिडकीतून आत आलं आणि सतरंजीवर मांडलेल्या पुस्तकांची एक ओळ भिजली. काकांनी ओरडाआरडा केला नाही, बाह्या सरसावल्या. त्यांच्याकडून शिकलेलं:

ओलं पुस्तक उन्हात ठेवायचं नाही, पुठ्ठा वाकतो आणि कायमचा वाकतो. चिकटलेली पानं ओढायची नाहीत. दर दहा-बारा पानांआड कोरा कागद घालायचा, वर्तमानपत्र नको, शाई उतरते. पुस्तक पंख्याखाली उभं करायचं, पानं थोडी फाकवून. कागद ओला झाला की बदलायचा. सादवलेलं पण वाळलेलं असेल तर उघड्यावर नेऊन मऊ ब्रशनं बुरशी झाडायची, तोंडाला रुमाल बांधून. मग कपाटात कडुनिंबाची वाळलेली पानं. डांबराच्या गोळ्याही चालतात, पण काकांच्या मते त्यानं पुस्तकाला न्हाणीघराचा वास येतो.

पंख्याखाली इतकी पुस्तकं एकाच वेळी फडफडत होती की आलेला वाचक दारातूनच परत गेला. कागद बदलताना आपोआप वाचलं जातं, हेही लक्षात आलं. दहा पानांआड दोन ओळी. एका पुस्तकात कुणी बर्फात अडकलंय, दुसऱ्यात कुणाचं पाकीट मारलंय. त्या दुसऱ्याचं पुढे काय झालं ते बघायला पुस्तक वाळायची वाट पाहावी लागली.

१ जून, रविवार
प्रवास: पेण ते वरसई, एसटीनं. सोबत आजी

आज एसटीचा वाढदिवस. पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावली होती. स्टँडवर गाडीला हार होता, पेढाही मिळाला.

मी एकटी जाते म्हटलं, तर घरात सभा भरली. शेवटी आजी म्हणाली, मीच जाते हिच्याबरोबर, मला तिकीट पडत नाही. खरंच पडत नाही. पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत आणि बायकांना अर्धं. कंडक्टरनं यंत्रातून आजीचं शून्य रुपयाचं तिकीट फाडून दिलं आणि आजीनं ते घडी घालून बटव्यात ठेवलं, आधारकार्डाशेजारी. दोघींचा मिळून खर्च एका अर्ध्या तिकिटाचा. हा हिशोब कळल्यावर पुढचे प्रवास ठरवायला आम्हाला सभेची गरज उरली नाही.

भाताच्या शेतांत आताच पाणी. लोकांचे चेहरे चिंतेतले, कारण राब भाजून झाले पण पेरणीला हा पाऊस फार लवकर, मध्येच उघडीप पडली तर रोपं जातील. गाडीत सगळी चर्चा हीच.

वरसईत उतरलो. बाळगंगा नदी गढूळ होऊन वाहत होती. पुस्तकातलं गाव समोर असेल असं मला का वाटलं कोण जाणे, समोर होतं ते साधं गाव: कौलं, काही पत्रे, दुकान, दुकानात वेफर्सच्या माळा. एका ओसरीवर पाणी मिळालं. मी गोडसे भटजींचं विचारलं. घरातल्या काकू म्हणाल्या, "झाशीवाले ना? आमच्या पोरांना शाळेत सांगतात त्यांचं." आणि लगेच विषय धरणावर आला.

हे मला अर्धवटच माहीत होतं. बाळगंगेवर धरण होतंय, नवी मुंबईच्या पाण्यासाठी. काम सुरू होऊन पंधरा वर्षं होत आली, अजून पुरं नाही. जी गावं पाण्याखाली जाणार त्यांत वरसईही आहे. काकूंचा प्रश्न असा की छपराचे वासे बदलायचे की नाही? बदलले आणि उद्या उठायला सांगितलं तर पैसे पाण्यात. नाही बदलले आणि आणखी दहा वर्षं गेली तर? "तुझी कसली यादी लागायचीय?" त्यांनी विचारलं. अकरावीची, म्हटलं. "तुझी लागेल गो," म्हणाल्या.

परतीच्या गाडीत आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, हा भटजी निघाला तेव्हा त्याला ठाऊक होतं, आपण आलो नाही आलो तरी गाव जागेवर असणार.

नकाशाची कल्पना गाडीतच सुचली. भटजींची वाट वाचनालयाच्या भिंतीवर लावायची, वरसईपासून.

४ जून, बुधवार
काम: नकाशा, पहिला भाग

साहित्य: भारताचा भिंतीवरचा नकाशा (शाळेतल्या बाईंनी जुना दिला, कोपरा फाटलेला), जाड पुठ्ठा, टाचण्या, लाल दोरा. निळा दोरा परतीसाठी, तो नंतर.

काम सोपं नाही. भटजी कोस सांगतात, नकाशा किलोमीटर. कोस म्हणजे साधारण दोन मैल धरले तरी प्रत्येक प्रांताचा कोस वेगळा. गावांची नावंही बदललेली. ब्रह्मावर्त शोधत बसले तर ते कानपूरजवळचं बिठूर निघालं. महू आता आंबेडकरनगर, अहमदनगर आता अहिल्यानगर. ज्या टाचण्या नक्की त्या आधी लावल्या: वरसई, पुणे, महू, उज्जैन, धार, ग्वाल्हेर, झाशी, लखनौ, अयोध्या, काशी. मधली वाट पुस्तक परत वाचून भरायची.

काका म्हणाले, दोरा ताणून लावू नकोस, पायी जाणारा माणूस सरळ रेषेत जात नाही. दोरा सैल ठेवला. छान दिसतो.

८ जून, रविवार
प्रवास: पेण, खोपोली, लोणावळा आणि परत

वाटेचा पहिला तुकडा तरी आपण बघावा म्हणून. कोकणातून पुण्याला चढायचं म्हणजे घाट आलाच, आणि सगळ्यांत मोठा बोरघाट. एसटीनं आधी खोपोली, मग दुसरी गाडी.

खोपोलीत नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचं देऊळ बघितलं. घाट चढण्याआधी माणसं आणि बैल इथेच पाणी पीत असणार, हे तलावाच्या काठावर उभं राहिलं की सांगावं लागत नाही. तलाव फार मोठा आहे, एका देवळासाठी कुणी एवढा बांधणार नाही.

काकांच्या एका पुस्तकातून टिपलेलं: घाटातून गाडीरस्ता १८३० मध्ये झाला. आगगाडी खोपोलीला १८५६ मध्ये आली आणि तिथेच थांबली. वर खंडाळा ते पुणे रूळ १८५८ मध्ये पडले, मधला घाट मात्र १८६३ पर्यंत उघडाच. म्हणजे काही वर्षं अशी होती की खाली गाडी, वर गाडी, आणि मधे माणसं पालखीतून नाहीतर पायी. भटजी निघाले १८५७ मध्ये, म्हणजे खाली गाडी आलेली आणि वरची अजून यायची होती. मला हे वाचून जे झालं ते कसं लिहू? इतिहासात मी सन पाठ केलेत. हे तीन सन पहिल्यांदा एकमेकांना लागून उभे राहिले आणि त्यांच्यामधून चालणारा माणूस दिसला.

घाटात पाऊस आणि धुकं. शिंग्रोबाचं देऊळ आल्यावर ड्रायव्हरनं गाडी हळू केली आणि खिडक्यांतून नाणी पडली. आजीनं आधीच मुठीत धरून ठेवलं होतं. इंग्रज इंजिनिअरांना घाटाची वाट सापडेना तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगरानं ती दाखवली, असं सांगतात, आणि पुढे त्याला गोळी घातली, असंही सांगतात. कागदावर याचा पुरावा किती, मी काकांना विचारलं. ते म्हणाले, नाणी मोज.

लोणावळ्यात चिक्की घेतली नाही, आजीच्या दातांमुळे. भजी खाल्ली.

१० जून, मंगळवार
काम: थोडंच

गुणवत्ता यादीची वाट बघणं चालू. गावात दुसरीच वाट बघणं काल संपलं: पीओपीच्या गणपतीमूर्ती बनवायला आणि विकायला उच्च न्यायालयानं परवानगी दिली. नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला मात्र नाही. हमरापूर, जोहे, इकडे पेणमध्ये सगळीकडे कारखान्यांत साचे कित्येक दिवस नुसते उभे होते. यंदा चतुर्थी २७ ऑगस्टला. आमच्या गल्लीतला कारखाना रात्री अकरापर्यंत चालू होता आणि आज सकाळी त्यांनी मला विचारलं, सुट्टी आहे तर डोळे आखायला शिकतेस का? नाही म्हटलं. आधी म्हटलं असतं हो.

पुस्तकाच्या झाशीच्या प्रकरणाशी आलेय. आजी म्हणते, रात्री वाचू नकोस.

१५ जून, रविवार
प्रवास: गागोदे बुद्रुक

पेण तालुक्यातला दुसरा चालणारा माणूस विनोबा. जन्म ११ सप्टेंबर १८९५, गागोदे बुद्रुक, खोपोलीच्या रस्त्याला. मागच्या रविवारी तिथूनच गेलो होतो आणि मी खिडकीतून साधं बघितलंही नव्हतं. जन्मस्थानाची जागा जपलेली आहे. पाऊस कोसळत होता, छत्री उलटली, आजी देवळाच्या पायरीवर बसून राहिली आणि मी एकटीच हिंडून आले.

इथे येण्याआधी शेजारच्या कपाटातून, म्हणजे ९२० मधून, त्यांचं चरित्र आणून वाचलं होतं. १९१६ साली विनोबा इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईला निघाले. सुरतेला गाडीतून उतरले आणि काशीची गाडी धरली. त्याआधी शाळेचे दाखले चुलीत घातले होते, आईसमोर. त्याच वर्षी जूनमध्ये गांधीजींकडे अहमदाबादच्या आश्रमात पोचले. पुढे १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीत पहिलं भूदान मिळालं आणि मग तेरा वर्षांहून जास्त पायी, देशभर.

हे मी जेवताना सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं, वरणाची वाटी पुढे केली आणि म्हणाले, "तुला उतरायचं असेल तर पनवेलला उतर, सुरतेला नको."

मला दाखले जाळायचे नाहीत. त्यांची झेरॉक्स काढायला मी दोन तास रांगेत होते. पण परीक्षेला निघालेल्या माणसाची गाडी मधल्या स्टेशनावर थांबते आणि तो आपण होऊन खाली उतरतो, हे डोक्यातून जात नाही. विनोबांच्या सुरतेच्या टाचणीला हिरवा दोरा लावलाय, मुंबईकडे येणारा, अर्ध्यावर तुटलेला. तिथून काशीकडे दुसरा. भटजींचा लाल दोराही काशीलाच जातो. एका तालुक्यातली दोन माणसं, साठ वर्षांच्या अंतरानं एकाच टाचणीवर आली, म्हणून ती टाचणी जरा मोठी लावली.

१९ जून, गुरुवार
काम: यादीतलं "नाही"

९१० मध्ये बायकांची पुस्तकं किती, हे बघावंसं वाटलं. आजीच्या पहिल्या दिवशीच्या प्रश्नामुळे असेल, घरी राहिलेल्या बायकोचं काय झालं. कपाटात थोडी आहेत, बरीचशी अलीकडची, ग्रुपबरोबर युरोप वगैरे, फोटोंसकट. दाखल नोंदवहीत मात्र पंडिता रमाबाईंच्या अमेरिकेच्या प्रवासवृत्ताची नोंद सापडली. समोर लाल पेन्सिल. हे पुस्तक १८८९ मध्ये छापलं गेलं, भटजींचं १९०७ मध्ये. म्हणजे भटजींचा प्रवास आधीचा, पण छापून आधी आल्या त्या रमाबाई. भटजींनी लिहायला घेतलं तेच मुळी वीस-पंचवीस वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून, आणि छापायला इंग्रजांचं भय होतंच.

काकांना म्हटलं, रमाबाई परत मागवूया. अनुदान आलं की बघू, म्हणाले. अनुदान हा शब्द उच्चारताना ते खिडकीबाहेर बघतात.

२२ जून, रविवार
वाचन: 'माझा प्रवास' संपलं

बाहेर कुठे गेलो नाही. झाशी वाचली.

मार्च-एप्रिल १८५८. बाहेर इंग्रजांचा वेढा, आत हा वरसईचा भटजी. लक्ष्मीबाईंना त्यानं आधी शांततेच्या दिवसांत बघितलेलं, त्यांचा व्यायाम, त्यांचा दरबार. मग तोफा. शहर पडल्यावर घराघरात शिरून कापाकापी आणि लूट, आणि हे लपून बसलेले. भटजी कुठेही शौर्याचा आव आणत नाही. भीती वाटली तर वाटली म्हणतो, भूक लागली तर लागली म्हणतो. पाठ्यपुस्तकात झाशीला दोन ओळी होत्या आणि त्यात भूक नव्हती.

सगळ्यांत जास्त आवडलेली जागा पुढे, काळपीच्या वाटेवरची. विहिरीवर राणी भेटते, पुरुषवेषात, धुळीनं भरलेली, तहानलेली. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतो. ती त्याच्या हातातलं घेते आणि स्वतः पाणी काढते. एवढंच. मी हे आजीला तीनदा वाचून दाखवलं, कारण ती परत परत म्हणत होती, दोर कुणाच्या हातात होता, नीट वाच.

शेवटी मिळवलेला पैसा वाटेत लुटला जातो. काशीची गंगा मात्र कावडीतून घरी येते, आईवडलांसाठी. मला वाटलं हा काय सौदा झाला, कर्ज तसंच. आजी म्हणाली, "पैसा गेला तो गेला. कावड आणलीन ना इथवर?" यावर आमचं जमलं नाही आणि अजूनही जमलेलं नाही. माझ्या मते कर्ज महत्त्वाचं. तो निघालाच त्यासाठी होता.

२५ जून, बुधवार
काम: नकाशा, दुसरा भाग

पहिल्या यादीची तारीख पुढे गेली. मैत्रिणींच्या ग्रुपवर रडारड आणि मीम. खरं सांगायचं तर मला दोन दिवस जास्त मिळाले याचा आनंद झाला, हे ग्रुपवर लिहिलं नाही.

लाल दोरा काशीपर्यंत पूर्ण. प्रत्येक टाचणीखाली छोटी चिठ्ठी: गाव, साल, तिथे काय झालं ते एका ओळीत, आणि पुस्तकातलं पान. पान दिल्याचा फायदा लगेच दिसला. वर्तमानपत्र वाचायला येणारे एक आजोबा नकाशापुढे थांबले, झाशीची चिठ्ठी वाचली आणि काकांकडे ते पुस्तक मागितलं. ते माझ्या घरी होतं. संध्याकाळी पोचवलं.

३० जून, सोमवार

शनिवारी यादी लागली. दुसऱ्या पसंतीचं, म्हणजे गावातलं. पुढच्या फेरीसाठी थांबता येतं, पनवेल कदाचित मिळेलही. घरी पुन्हा सभा. मी थांबणार नाही म्हटलं. रोज हायवेवरच्या ट्रॅफिकमध्ये जाऊन येऊन चार तास घालवण्यापेक्षा ते इथे बरे. बाबांना वाटलं, मी अभ्यासाबद्दल बोलतेय. तेही खरंच आहे. आज मूळ दाखले दाखवून, फी भरून प्रवेश पक्का केला.

फी भरायच्या रांगेत बॅगेतून पुस्तक काढलं, ते खालच्या फळीवरचं, पाकीट मारलं गेलेल्या माणसाचं. मागच्या मुलीनं विचारलं, हे सिलॅबसला आहे का?

५ जुलै, शनिवार
काम: हस्तांतर

कपाट लागलं. वरच्या दोन फळ्यांवर भारत, राज्यवार. तिसरीवर परदेश. खालची फळी, वाळवीची, रिकामी ठेवलीय, औषध मारून दोन महिने बघायचं आणि मगच भरायची. दाखल नोंदवहीतल्या "नाही"ची वेगळी यादी काकांच्या टेबलाच्या खणात. त्यात रमाबाई पहिल्या क्रमांकावर, माझ्या अक्षरात, खाली दोन रेघा मारून.

उरलेली कामं:

निळा दोरा. काशी ते वरसई, परतीची वाट. त्यासाठी शेवटची प्रकरणं मुक्कामांसाठी पुन्हा वाचायला हवीत, पहिल्या वेळी मी ती पुढे काय होतं या घाईत वाचली. पुस्तक सध्या त्या आजोबांकडे आहे, त्यांनी मुदत वाढवून घेतलीय.

पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात भटजींचं मूळ हस्तलिखित आहे. बघायला मिळतं का, कसं विचारायचं, हे काका पत्र लिहून कळवणार. छापील आवृत्तीत आणि मुळात फरक आहेत, मूळ संहिता १९६६ मध्ये वेगळी छापली गेली. ती आपल्याकडे नाही, तीही मागवायच्या यादीत.

दिवाळीच्या सुट्टीत एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास, चार दिवसांचा. कुठे जायचं यावर वाद आहे. मला आधी पुणे आणि नगर, आजीला पंढरपूर. तिला पास लागत नाही, त्यामुळे तिचं मत जास्त मोकळं असतं. त्याआधी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, श्रावणानंतरची तारीख मिळालीय. डोळा बरा झाला की आपण स्वतः वाचणार म्हणते, आणि मी गाळलेलं काय काय आहे ते शोधून काढणार.

कपाटाची बिजागरी. सुतार गुरुवारी येतो म्हणालाय.